हायफू, आरएफ आणि दुखणं: क्रीम तासभर लावूनही पेशंट जबड्याशी आले की हात धरतात

स्किनरूम_कोल्हापूर:
त्वचा घट्ट करण्याच्या उपचारांत दुखणं कसं सांभाळायचं, याबद्दल विचारायचं आहे. मशिनं दोन. एक मायक्रोफोकस्ड अल्ट्रासाउंडचं (हायफू), पडद्यावर थर दाखवणारं, प्रोब ४.५, ३.० आणि १.५ मिमीचे. दुसरं सुयांचं आरएफ (रेडिओफ्रिक्वेन्सी), इन्सुलेटेड सुया. सध्याची पद्धत अशी की लिग्नोकेन-प्रिलोकेनचं क्रीम तासभर, वर प्लास्टिक, मग पुसून काम सुरू. आरएफला हे बऱ्यापैकी चालतं. अल्ट्रासाउंडला गाल कसाबसा निभावतो, जबड्याची कड आली की पेशंट हात धरतात, आणि कपाळावर तर सरळ "डॉक्टर, बास".

क्रीम दोन तास ठेवलं तर फरक पडेल का? आधी गोळी द्यायची तर कोणती, किती, किती वेळ आधी? दातांच्या डॉक्टरांसारखा ब्लॉक (नसेपाशी बधिर करणारं इंजेक्शन) देऊन मोकळं व्हावं का? आणि ब्रुफेननं कोलॅजन कमी बनतं म्हणतात, ते कितपत खरं? पूर्ण भूल देण्याची सोय नाही.

चर्मरोग_सांगली:
क्रीम दोन तास ठेवून जबड्याचं दुखणं जाणार नाही, कारण ते दुखणं क्रीम पोचतं त्या थरातलं नाहीच. २.५ टक्के लिग्नोकेन अधिक २.५ टक्के प्रिलोकेनचं क्रीम झाकून ठेवलं, तर तासाभरात साधारण ३ मिमीपर्यंत आणि दोन तासांत फार तर ५ मिमीपर्यंत सुई टोचल्याची जाणीव बोथट होते. हे मोजमाप सुईचं आहे, उष्णतेचं नव्हे. ४.५ चा प्रोब नेमका त्या हद्दीवर, स्मासच्या (चरबीखालच्या, चेहऱ्याच्या स्नायूंना धरणाऱ्या पडद्याच्या) थरात, मिलिमीटरभराचा ठिपका ६० ते ७० अंशांपर्यंत तापवतो. त्याखाली लगेच हाड असेल तर उरलेली ऊर्जा हाडाच्या आवरणावर आदळते, आणि ते आवरण म्हणजे मज्जातंतूंचं जाळंच. म्हणून १.५ च्या प्रोबला क्रीमचा उपयोग दिसतो, ३.० ला थोडा, ४.५ ला जवळपास नाही.

तेव्हा क्रीमवरचा भार काढा आणि दुखणं उगमाशीच कमी करा.

पहिली गोष्ट ऊर्जा. जुन्या पद्धतीत ४.५ ला १.२ जूल, ३.० ला ०.४५ आणि १.५ ला ०.२५ जूल देत. पुढे ती अनुक्रमे ०.९, ०.३० आणि ०.१८ पर्यंत उतरवून रेघांची (ठिपक्यांच्या ओळींची) संख्या वाढवायची पद्धत आली. कोलॅजन आखडायला ठिपक्याचं तापमान साठ अंशांच्या वर जायला हवं. ते गेलं की आणखी तापवून जास्तीचं काही पदरात पडत नाही, दुखणं मात्र वाढतं. तुमचं मशीन अजून वरच्या पायरीवर लावलेलं असेल तर आधी ते बघा. निम्म्या तक्रारी तिथेच मिटाव्यात.

दुसरी गोष्ट पडदा. त्याचा उपयोग बहुतेकजण पहिल्या चार रेघांपुरता करतात आणि मग हात आपोआप चालतो. जबड्याच्या कडेला प्रत्येक दोन-तीन रेघांनी बघा. हाड पडद्यावर चकचकीत पांढऱ्या रेषेसारखं दिसतं आणि त्याखाली काळोख असतो. उपचाराची रेघ त्या पांढऱ्या रेषेवर किंवा अगदी लगत येत असेल तर तिथे ४.५ चं काम नाही, ३.० घ्या. किंवा मोकळ्या हाताच्या बोटांनी कातडी हाडावरून वर गालाकडे सरकवून धरा, म्हणजे प्रोबखाली हाडाऐवजी मऊ भाग येईल. कपाळाला हेच लागू, तिथे तर मांस मुळातच कमी. पडद्यावर उभे काळे पट्टे दिसले तर ते हाड नव्हे, जेल कमी पडलंय किंवा प्रोब तिरका टेकलाय. तसाच शॉट मारला की ऊर्जा वरच्या कातडीत अडकते, चटका बसतो आणि तिथे रेघेसारखी पांढुरकी गांध उठते.

तिसरी गोष्ट, आणि हिच्याकडे कोणी लक्ष देत नाही: पेशंट "दुखतंय" म्हणाला की तेवढ्यावर थांबू नका, कसं दुखतंय ते विचारा. मराठीत याला शब्दांची ददात नाही आणि प्रत्येक शब्द वेगळ्या जागेकडे बोट दाखवतो.

"चटका बसला", "चरचरतंय" म्हणजे वरच्या कातडीत. जेल, संपर्क, प्रोबचा कोन तपासा. "आत ठणकलं", "हाडात गेलं" म्हणजे हाडाचं आवरण. प्रोब बदला किंवा कातडी सरकवा. "दात आंबल्यासारखे झाले", "दाढेत कळ गेली" म्हणजे ऊर्जा दाताच्या मुळांपाशी किंवा जुन्या धातूच्या भरणाशी पोचतेय. गॉजची ओली सुरळी गाल आणि हिरडी यांच्यामध्ये ठेवा. दोन इंची गॉज, दोन घड्या, बाहेर टोक ठेवून. फरक लगेच कळतो. "आत गरम टोचल्यासारखं होतंय आणि जातंय" हे अपेक्षित दुखणं, पुढे चला.

आणि "करंट लागला", "सणक निघाली", "चमक ओठापर्यंत गेली" हे ऐकलं की प्रोब उचलायचा. सणक हनुवटी-ओठाकडे गेली तर मेंटल नर्व्ह, भुवईतून टाळूकडे गेली तर सुप्राऑर्बिटल. त्या जागेवर पुन्हा शॉट नाही, निदान बोटभर सोडून पुढे. "अजून थोडंच राहिलंय, सोसा" म्हणायची ही जागा नव्हे. त्या भागात काही आठवडे बधिरपणा किंवा मुंग्या राहू शकतात.

इथे एक फसगत आहे. खालचा ओठ खाली ओढणारी मार्जिनल मॅन्डिब्युलर नस ही हालचालीची नस. तिला धक्का बसला तरी पेशंटला सणक जाणवेलच असं नाही. दुसऱ्या दिवशी हसताना ओठ एका बाजूला वाकडा दिसतो तेव्हा कळतं. म्हणून ती दुखण्यावर सोडायची नाही, आधीच पेन्सिलनं आखायची. पेशंटला दाढा आवळायला सांगा, मॅसेटरची (चावायच्या स्नायूची) पुढची कड बोटाला लागेल. तिच्या लगत पुढे, जबड्याच्या हाडावर फेशियल धमनीचा ठोका लागतो. नस त्या धमनीवरूनच जाते. तो पट्टा आखून घ्या, तिथे ४.५ नको.

क्रमाबद्दलही थोडं. एक बाजू पूर्ण करून मग दुसरी घेण्याची सवय असेल तर मोडा. पेशंटनं मध्येच हात टेकले तर अर्धा चेहरा झालेला, अर्धा कोरा. भागवार जा: उजवा गाल, डावा गाल, उजवा जबडा, डावा जबडा. जबडा अगदी सुरुवातीला नको, पेशंट बिथरतो; अगदी शेवटीही नको, तोवर सोसायची ताकद संपलेली असते. एकाच जागी लागोपाठ रेघा न ओढता दोन-तीन सेकंद जाऊ द्या.

भूलघर_नाशिक:
गोळ्या आणि ब्लॉकचं मी लिहितो.

निरोगी, ५० किलोच्या वरच्या प्रौढ माणसाला पॅरासिटामॉल १ ग्रॅम, ४५ ते ६० मिनिटं आधी. सोबत आयबुप्रोफेन (म्हणजेच ब्रुफेन) ४०० मिग्रॅ, काहीतरी खाऊन, ६० ते ९० मिनिटं आधी. दोन्हींचा मार्ग वेगळा, त्यामुळे एकत्र जास्त चालतात. क्लिनिकमध्ये आल्यावर गोळी देऊन वीस मिनिटांत काम सुरू केलं तर गोळीचा उपयोग पेशंट रिक्षात बसताना होतो. वेळ अपॉइंटमेंटच्या मेसेजमध्येच लिहा.

इथे एक हिशेब नेहमी चुकतो. कॉम्बिफ्लॅमच्या एका गोळीत आयबुप्रोफेन ४०० आणि पॅरासिटामॉल ३२५ मिग्रॅ असतं. तिच्यासोबत पॅरासिटामॉल ६५० ची एक दिली की ९७५ झालं, पुरे. त्यावर आणखी १ ग्रॅम देऊ नका. दिवसाची कमाल ४ ग्रॅम. वजन कमी, रोजची दारू किंवा यकृताचा आजार असेल तर त्याहून बरीच खाली.

आयबुप्रोफेन कोणाला नाही: अल्सर, मूत्रपिंडाचा आजार, अ‍ॅस्पिरिननं दमा उठणारे, रक्त पातळ करणारी औषधं घेणारे, गरोदर. पावसाळ्यात आणखी एक प्रश्न विचारा, "गेल्या आठवड्यात ताप होता का?" डेंग्यूची शंका असलेल्या माणसाला ही गोळी द्यायची नाही, आणि खरं तर त्या दिवशी उपचारच पुढे ढकलायचा.

कोलॅजनचा प्रश्न. नवं कोलॅजन बनतं ते जखम भरण्याच्या प्रक्रियेतून आणि तिची पहिली पायरी म्हणजे दाह. दाह दाबणारी गोळी नको, हा तर्क तिथून आला. पण उपचाराआधीच्या एका डोसनं परिणाम बिघडतो, असा ठोस पुरावा नाही. नंतर आठवडाभर दिवसातून तीनदा खाणं टाळा, ते योग्य. म्हणजे आधी एकदा आयबुप्रोफेन चालेल, नंतर लागलं तर फक्त पॅरासिटामॉल.

अल्प्राझोलाम ०.२५ ची गोळी दुखणं कमी करत नाही, धास्ती कमी करते. ज्याची धास्तीच मोठी आहे त्याला उपयोग. अट अशी की संमतिपत्रावर सही गोळीच्या आधी, सोबत माणूस, आणि त्या दिवशी गाडी चालवायची नाही. ट्रॅमाडॉल या कामाला मला पटत नाही. मळमळ, गरगर, आणि नैराश्याच्या गोळ्या चालू असतील तर सेरोटोनिनचा घोळ. अल्प्राझोलामसोबत तर नकोच. दोन्ही औषधं शेड्यूल एच१ मधली आहेत, चिठ्ठीशिवाय हातावर टेकवायची नाहीत.

५०:५० नायट्रस ऑक्साइड आणि ऑक्सिजन ही चांगली सोय आहे, पण जबड्याच्या चार मिनिटांसाठी. दीड तासासाठी नाही. मास्क पेशंटनं स्वतःच्या हातात धरायचा. गुंगी जास्त झाली की हात आपोआप खाली येतो, तीच सुरक्षा. शॉटच्या अर्धा-पाऊण मिनिट आधी ओढायला लावा. बंद केल्यावर पाच-एक मिनिटांत डोकं मोकळं होतं. न्यूमोथोरॅक्स (फुफ्फुसाबाहेर हवा साठणं), आतड्याचा अडथळा, कानाचं किंवा डोळ्यात गॅस भरलेलं ताजं ऑपरेशन, बी१२ ची कमतरता, गरोदरपण यांत नाही. खोलीत हवा खेळती आणि गॅस ओढून बाहेर टाकणारी व्यवस्था हवी, नाहीतर पेशंटपेक्षा रोज तिथे उभी राहणारी सिस्टरच जास्त गॅस घेते.

ब्लॉक देणारच असाल तर आकडा आधी मांडा. साध्या लिग्नोकेनची कमाल ४.५ मिग्रॅ प्रति किलो, एकूण ३०० च्या वर नाही. अ‍ॅड्रेनलिनसोबत ७ मिग्रॅ प्रति किलो, एकूण ५०० पर्यंत. २ टक्के म्हणजे १ मिलीत २० मिग्रॅ. ६० किलोच्या बाईला साधं २ टक्के जास्तीत जास्त १३.५ मिली. मेंटल आणि इन्फ्राऑर्बिटल (डोळ्याखालची नस) दोन्ही बाजूंना दीड-दीड मिली दिलं तर ६ मिली, म्हणजे १२० मिग्रॅ. हे बसतं. पण चेहऱ्यावर आधीच तीस ग्रॅम क्रीम असेल तर त्यातलं शोषलेलं लिग्नोकेनही याच हिशेबात येतं. तोंडात धातूची चव, ओठांभोवती बधिरपणा, कानात गुणगुण, उगाच बडबड सुरू झाली की थांबा: ही विषबाधेची पहिली खूण. ऑक्सिजन, शिरेत सुई, आणि २० टक्के लिपिड इमल्शन खोलीत असायला हवं. ७० किलोच्या आत १.५ मिली प्रति किलोचा पहिला डोस. ते नसेल तर ब्लॉकचा विचार सोडा.

एस्थेटिक_ठाणे:
इतकं कशाला? मेंटल, इन्फ्राऑर्बिटल, सुप्राऑर्बिटल, तिन्ही ब्लॉक दोन्ही बाजूंना. दहा मिनिटांत चेहरा बधिर, पेशंट शांत, काम चाळीस मिनिटांत संपतं. दुखलं म्हणून अर्ध्यातून उठलेला पेशंट परत येत नाही.

चर्मरोग_सांगली:
पेशंट शांत होतो, हे खरंच. अडचणही तीच आहे. वर लिहिलेली "करंट लागला" ही खूण तुम्ही ब्लॉकनं पुसून टाकता. पेशंट गप्प पडलेला असताना हाडावर मारताय की नसेवर, हे सांगणारं दुसरं कोणी खोलीत नाही. पडदा हाड दाखवतो, नस दाखवत नाही.

मोनोपोलर आरएफचा (सुयांशिवाय, वरून तापवणाऱ्या आरएफचा) इतिहास बघा. त्यातल्या थर्माज या मशीनला अमेरिकेच्या एफडीएची पहिली मान्यता २००२ ची. सुरुवातीला जास्त ऊर्जेचा एकच फेरा मारायची पद्धत होती. भाजणं, चरबी विरून खड्डे पडणं असे प्रकार झाले. मग कमी ऊर्जेचे अनेक फेरे आणि पेशंटला प्रत्येक वेळी ० ते ४ मध्ये "किती गरम?" विचारणं, अशी पद्धत बसली. उद्दिष्ट २ ते २.५, म्हणजे सोसेल इतकं गरम. तिथे पेशंटची जीभ हाच थर्मामीटर आहे. ब्लॉक दिला की थर्मामीटर फुटला.

आणि ब्लॉकऐवजी थेट जागेवर पाणी भरून बधिर करायचं म्हणाल, तर सूज येऊन थराची खोली बदलते. ४.५ वर असलेला स्मास तेवढाच खाली सरकतो आणि तुमचे ठिपके चरबीत पडतात. मोनोपोलर आरएफमध्ये वीजरोधही बदलतो.

मेंटल ब्लॉक अगदी द्यायचाच तर सुयांच्या आरएफला, हनुवटीच्या भागापुरता, कमी खोलीवर. अल्ट्रासाउंडला नाही.

एस्थेटिक_ठाणे:
सुयांच्या आरएफपुरतं मान्य. अल्ट्रासाउंडबद्दल अजून पटत नाही, पण मार्जिनल मॅन्डिब्युलरला तरी ब्लॉकचा दोष देता येणार नाही, ती तशीही बोलत नाही.

चर्मरोग_सांगली:
ती बोलत नाही म्हणून बाकीच्यांचीही तोंडं बंद करायची, असं होतं ते.

सुई_आरएफ_पुणे:
आरएफला क्रीम "बऱ्यापैकी चालतं" असं लिहिलंय, पण तिथेच जास्त चुका होतात. सुरुवात मापापासून.

क्रीम साधारण १ ग्रॅम दर १० चौरस सेंमीला. पेशंटचा पंजा बोटांसकट धरला तर साधारण १५० चौसेंमी. चेहरा दोन पंजे, म्हणजे ३० ग्रॅम, म्हणजे ३० ची पूर्ण ट्यूब. मान धरली तर आणखी. याच क्रीमच्या कंपनीच्या माहितीपत्रकातला आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे: ६० ग्रॅम, ४०० चौसेंमीवर, ३ तास ठेवल्यावर रक्तात साधारण ५४ मिग्रॅ लिग्नोकेन आणि ९२ मिग्रॅ प्रिलोकेन गेलं. चेहऱ्याची कातडी पातळ, सुयांनी भोकं पडलेली असतील तर आणखी शोषणार. म्हणून चेहरा, मान आणि छाती एकाच वेळी लेपून पेशंटला बाहेर सोफ्यावर बसवायचं नाही. एक भाग लावा, तो चालू असताना दुसरा लावा. वेळ फळ्यावर लिहा.

पातळ थर चोळून लावला तर उपयोग शून्य. केकवरच्या आयसिंगसारखा जाड, पांढरा दिसेल असा, आणि वर प्लास्टिक. डोळ्यांच्या पापण्यांपासून दूर. हे क्रीम अल्कलाइन आहे, डोळ्यात गेलं तर बुबुळाला इजा होते आणि डोळा बधिर असल्यानं पेशंटला ती कळतही नाही.

काढताना आधी सुक्या गॉजनं निपटून घ्या, मग ओल्या गॉजनं दोनदा, मग जंतुनाशक, मग पूर्ण कोरडं. बोट फिरवलं की कातडी बोटाला अडली पाहिजे, घसरली नाही पाहिजे. थर राहिला तर दोन गोष्टी होतात: सुया तेच क्रीम आत ढकलतात, आणि टोक नीट न बसल्यानं सुई अर्धवट खोलीवर शॉट देते. मग वरच भाजतं आणि आपल्या रंगाच्या कातडीवर महिनोन् महिने डाग राहतो. स्पिरिटनं पुसलं असेल तर ते पूर्ण उडू द्या, ओल्या स्पिरिटवर आरएफची ठिणगी म्हणजे आग. डोळ्यांजवळ क्लोरहेक्सिडीन नको, कॉर्नियाला घातक, तिथे सलाइन.

थंड हवा दोन फेऱ्यांच्या मध्ये चालते. बर्फ थेट कातडीला टेकवून नाही. मोनोपोलर आरएफला स्वतःचा गारवा मशीनच सोडतं, त्यावर वरून बर्फ लावला तर पेशंटचं "किती गरम?" चं उत्तर खोटं येतं.

खोली कपाळावर १ ते १.५ मिमीच्या पुढे नेऊ नका, सुई हाडाला टेकते आणि ते दुखणं कुठल्याही क्रीमनं थांबत नाही. खोल आणि जोरात मारायची हौस आवरा. एफडीएनं ऑक्टोबर २०२५ मध्ये सुयांच्या आरएफबद्दल सूचना काढली ती भाजणं, व्रण, चरबी झिजणं आणि नसांना इजा यांवरूनच.

स्किनरूम_कोल्हापूर:
सगळ्यांचे आभार. दोन शंका. प्रिलोकेनमुळे रक्त निळं होतं म्हणतात, ते क्रीमनंही होतं का? आणि व्हायब्रेटर टेकवून फरक पडतो का, की नुसतं मन रमवणं?

भूलघर_नाशिक:
होतं. मेथहिमोग्लोबिन, म्हणजे ऑक्सिजन वाहू न शकणारं हिमोग्लोबिन. क्रीम जास्त जागेवर जास्त वेळ राहिलं तर, आणि मुळात धोका असलेल्यांत लवकर. तुमच्या ओपीडीत याला एक खास गिऱ्हाईक आहे: डॅप्सोन (कुष्ठरोगावरची गोळी) चालू असलेले पेशंट. सल्फा घेणारे आणि जी६पीडी (तांबड्या पेशींतलं एक एन्झाइम) कमी असलेलेही त्यात. त्यांना प्रिलोकेन नको, नुसतं लिग्नोकेनचं क्रीम. खूण अशी की ओठ-नखं राखाडी निळसर, बोटावरचं पल्स ऑक्सिमीटर ८५ च्या आसपास अडकलेलं आणि ऑक्सिजन लावूनही हलत नाही. क्रीम पुसा आणि हॉस्पिटलला न्या. उपाय मेथिलीन ब्लू, १ ते २ मिग्रॅ प्रति किलो, पण जी६पीडी कमी असेल तर तेही चालत नाही, म्हणून हे क्लिनिकमध्ये करायचं काम नव्हे.

व्हायब्रेटरला आधार आहे. ठेच लागली की आपण अंगठा चोळतो, तेच तत्त्व. मेल्झॅक आणि वॉल यांनी १९६५ मध्ये मांडलेली गेट कंट्रोल थिअरी: स्पर्शाचे जाड तंतू चालू असले की मज्जारज्जूत दुखण्याचा निरोप काही प्रमाणात अडतो. फक्त तो प्रोबच्या जागेवर नाही, दोन-तीन बोटं बाजूला धरायचा, नाहीतर प्रोबचा संपर्क सुटतो. सिस्टरच्या हातात द्या, रेघ सुरू व्हायच्या आधी टेकवायचा आणि रेघ संपल्यावर उचलायचा. आणि रेघ ओढताना पेशंटला श्वास सोडायला सांगा, धरायला नाही. जबड्याच्या किती रेघा बाकी आहेत हे मोठ्यानं मोजा. "पंधरा राहिल्या" ऐकून माणूस सोसतो, "थोडंच राहिलं" ऐकून नाही.

उपाशी पोटी बोलावू नका. अर्ध्या "दुखून चक्कर आली" या तक्रारी चहाबिस्किटांवर आलेल्या पेशंटच्या असतात.

केमिस्ट_सातारा:
क्रीमच्या खरेदीबद्दल एवढंच: ऑनलाइन विकले जाणारे पांढरे डबे, ज्यांवर १० टक्के, १५ टक्के, कधी तीन बधिर करणाऱ्या औषधांची नावं आणि बॅच नंबरच्या जागी नुसता स्टिकर असतो, ते घेऊ नका. टॅटूवाल्यांकडून हे डबे क्लिनिकमध्ये शिरतात. अमेरिकेच्या एफडीएनं मार्च २०२४ मध्ये सहा कंपन्यांना यावरूनच इशारा दिला होता. त्यांच्याकडे चिठ्ठीशिवाय विकायच्या लिग्नोकेनची मर्यादा ४ टक्के आहे. त्याआधी २००७ च्या सूचनेमागे दोन तरुणींचे मृत्यू होते, लेझरआधी पायांना जास्त ताकदीचं क्रीम लावून वर प्लास्टिक गुंडाळलेलं. २.५ अधिक २.५ ची शीलबंद ट्यूब घ्या, पेशंटच्या कागदावर बॅच नंबर आणि किती ग्रॅम लावलं ते लिहा. ट्यूब संपली म्हणजे ३० ग्रॅम गेलं, हिशेब सोपा.

स्किनरूम_कोल्हापूर:
घरी गेल्यावर किती दुखलं तर ठीक?

चर्मरोग_सांगली:
अल्ट्रासाउंडनंतर जबडा दाबला की दुखणं, उशीवर कुशीला झोपता न येणं, हे काही दिवस ते दोन-तीन आठवडे चालू शकतं. न दाबता दुखत नाही ना, एवढं विचारा. दात घासताना हिरडीजवळ हुळहुळतं, तेही चालतं. सुयांच्या आरएफनंतर पहिली संध्याकाळ उन्हात भाजल्यासारखी, दुसऱ्या दिवशी खरखरीत. थंड पाण्याची घडी, पॅरासिटामॉल, पहिले दोन दिवस गरम वाफ आणि जिम नाही.

फोन यायला हवा तो असा: दुखणं तिसऱ्या दिवसानंतर कमी व्हायच्या ऐवजी वाढतंय, एका जागी फोड किंवा पू आहे, रेघेची गांध दुसऱ्या दिवशीही उठलेली आहे, हसताना ओठ एका बाजूला जातोय, भुवई उचलत नाही. ओठाचं कळायला पेशंटला फोनवर "ई" म्हणत फोटो काढून पाठवायला सांगा. उपचाराआधीचा तसाच एक "ई" चा फोटो फाइलला हवा, नाहीतर वाकडेपणा जुना की नवा यावर वाद होतो. बऱ्याच जणांचं हसू मुळातच थोडं तिरकं असतं.

स्किनरूम_कोल्हापूर:
"ई" चा फोटो आमच्याकडे नव्हता. उद्यापासून पेन्सिलीसोबत तोही.